डीव्हीडी परीक्षण : ऑनलाइन नियतकालिकांचा आरंभकाळ

डीव्हीडी परीक्षण म्हणजे घरी पाहण्यासाठी विक्रीस आलेल्या चित्रपटाच्या डिस्कचे मूल्यमापन. कथा-अभिनयाची चर्चा यात असते, पण थोडक्यात. डिस्कवर चित्र कसे उतरले आहे, आवाज कसा आहे, सोबत काय जादा दिले आहे आणि एवढ्यासाठी पैसे मोजावेत का, हा खरा विषय. लेसरडिस्कच्या, म्हणजे डीव्हीडीआधीच्या मोठ्या चित्रपट-तबकडीच्या, काळात हे काम छापील वार्तापत्रांकडे होते. डग्लस प्रॅट यांचे वार्तापत्र १९८४ पासून निघत असे.

डीव्हीडी नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानात आणि मार्च १९९७ मध्ये अमेरिकेत आली. १९९७ मध्येच बिल हंट यांनी ‘द डिजिटल बिट्स’ हे संकेतस्थळ सुरू केले. जानेवारी १९९९ मध्ये ऑरेगन राज्यातील बीव्हरटन येथून जेफ्री क्लाइनमन यांनी ‘डीव्हीडी टॉक’ काढले. त्याचा निकाल सरळ गिऱ्हाइकाच्या भाषेत असे : संग्रही ठेवा, घ्या, भाड्याने आणा, सोडून द्या. डिस्कच्या मेनूत दडवलेल्या गमती कशा उघडायच्या, हेही तिथे सांगितले जाई. १९९९ मध्येच आलेल्या ‘डीव्हीडी व्हर्डिक्ट’चे परीक्षक स्वतःला न्यायाधीश म्हणवत आणि आरोप, खटल्याची हकिकत, पुरावा, निकाल अशा क्रमाने लिहीत. गंमत जरा ताणलेली होती, पण पुराव्याच्या सदरात चित्र-आवाजाची तपासणी मात्र नेटाने होई.

या मंडळींचा सर्वांत मोठा आग्रह अ‍ॅनामॉर्फिक चित्राचा, म्हणजे डिस्कवर आडवे दाबून साठवलेल्या आणि दाखवताना पुन्हा रुंद केलेल्या चित्राचा. अमेरिकी डिस्कवर चित्राला ४८० आडव्या रेषा मिळतात. २.३५:१ प्रमाणाचा रुंद चित्रपट साध्या लेटरबॉक्स पद्धतीने उतरवला, तर वरखालच्या काळ्या पट्ट्या बऱ्याच रेषा खातात आणि प्रत्यक्ष चित्राला जेमतेम २७० उरतात. अ‍ॅनामॉर्फिक पद्धतीत त्या सुमारे ३६० होतात. रुंद पडद्याचे टीव्ही तेव्हा थोड्यांकडेच असल्याने काही स्टुडिओ ही मेहनत टाळत. ‘टायटॅनिक’ची १९९९ ची डिस्कही अ‍ॅनामॉर्फिक नव्हती. ‘द डिजिटल बिट्स’ने हा विषय लावून धरला.

दुसरा वाद ‘डिव्हएक्स’चा. सर्किट सिटी या दुकानसाखळीने १९९८ मध्ये आणलेली ही डिस्क पहिल्यांदा लावल्यापासून ४८ तासच चाले, पुढे पुन्हा पैसे. प्लेअरला फोनची तार जोडावी लागे ती वेगळीच. संग्राहक चिडले नसते तरच नवल. जून १९९९ मध्ये ही योजना गुंडाळली गेली.

डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेले होते आणि एका विभागाची डिस्क दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर चालू नये अशी सोय होती. भारत पाचव्या विभागात मोडत असल्याने पहिल्या विभागाच्या अमेरिकी डिस्क इथल्या साध्या प्लेअरवर चालत नसत. ही परीक्षणे वाचून डिस्क मागवणाऱ्या मुंबई-पुण्याच्या हौशी माणसाला आधी सर्व विभागांच्या डिस्क चालवणारा प्लेअर शोधावा लागे.

परीक्षणासाठीच्या प्रती बहुधा स्टुडिओच फुकट पाठवत, आणि मजकुराशेजारच्या दुव्यावरून कोणी खरेदी केली की दुकानाकडून कमिशन मिळे. ‘घ्या’ म्हणण्यातच कमाई असताना ‘सोडून द्या’ लिहिणारा परीक्षक म्हणूनच वाचकांना विश्वासाचा वाटे. ‘डीव्हीडी टॉक’ २००७ मध्ये इंटरनेट ब्रँड्स या कंपनीने विकत घेतले.