रिपोर्टवर तारीख नसते: एचपीव्ही आणि 'कुणाकडून आला?' हा प्रश्न

गर्भाशयमुखाच्या तपासणीचा रिपोर्ट हातात येतो, त्यावर 'एचपीव्ही पॉझिटिव्ह' असं लिहिलेलं असतं, म्हणजे लैंगिक संबंधांतून पसरणारा एक विषाणू सापडलेला असतो. मग नवराबायकोत जो पहिला प्रश्न उठतो तो बहुतेक वेळा आजाराचा नसतो. 'हा आला कुठून?' असं विचारलं जातं. पंधरा वर्षांचा संसार एका ओळीने डळमळतो. मला हे फार अन्यायाचं वाटतं, कारण त्या रिपोर्टला या प्रश्नाचं उत्तर देताच येत नाही. ते का, हे या विषाणूच्या राहणीतच दडलेलं आहे.

आपल्या त्वचेत आणि श्लेष्मल त्वचेत, म्हणजे तोंड, योनिमार्ग अशा भागांच्या ओलसर अस्तरात, पेशींचे थरावर थर असतात. नव्या पेशी तळच्या थरात जन्मतात, हळूहळू वर सरकतात आणि शेवटी मरून झडतात. ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजेच एचपीव्ही, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक ओरखड्यातून थेट या तळच्या थरापर्यंत पोचतो. तिथे तो कसलीही घाई करत नाही. सुमारे आठ हजार अक्षरांचा त्याचा डीएनए एका कड्यासारखा पेशीच्या केंद्रकात राहतो, तोही थोडक्या प्रतींमध्ये. पेशी दुभंगू लागली की विषाणूचं एक प्रथिन ही कडी पेशीच्या गुणसूत्रांना बांधून ठेवतं. त्यामुळे दोन्ही नव्या पेशींना विषाणू वारशाने मिळतो.

पेशी वर सरकू लागली की मात्र चित्र पालटतं. प्रती हजारोंनी वाढतात, आणि अगदी वरच्या थरात पोचल्यावर विषाणूचं कवच तयार होतं. ती पेशी तशीही झडणारच होती. तिच्याबरोबर नवे विषाणू बाहेर पडतात. पेशी फोडावी लागत नाही, सूज येत नाही, विषाणू रक्तात उतरत नाही. शरीराच्या पहारेकऱ्यांना जाग यावी असं काही घडतच नाही. म्हणूनच बहुतेकांना लागण झाल्याचं कधी कळत नाही.

पसरतो तोही असाच, त्वचेला त्वचा लागून. वीर्य किंवा रक्त यांची गरज नसते. योनिमार्गातल्या, गुदमार्गातल्या किंवा मौखिक संबंधांतून तो जातो, आणि संभोग न होता नुसत्या जननेंद्रियांच्या स्पर्शानेही जाऊ शकतो. कॉन्डोम झाकतो तेवढ्याच भागाचं रक्षण करतो. तरी तो निरुपयोगी आहे असं कुणी समजू नये. नुकतेच लैंगिक संबंध सुरू झालेल्या तरुणींवरचा एक अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीदार दर वेळी कॉन्डोम वापरत होता त्यांच्यात, क्वचितच वापरणाऱ्यांच्या तुलनेत, लागण सुमारे 70 टक्क्यांनी कमी आढळली.

आता मुख्य मुद्दा. लागण झालेल्या दहापैकी साधारण नऊ जणींमध्ये दोन वर्षांच्या आत तपासणी निगेटिव्ह येते. पण निगेटिव्ह म्हणजे विषाणू गेला, की तपासणीला सापडणार नाही इतका थोडा उरला? दोन्ही शक्य आहे. सशांवरच्या प्रयोगांत अशाच विषाणूमुळे आलेल्या चामखिळी पूर्ण बऱ्या झाल्यावरही त्या जागी विषाणूचा डीएनए सापडला आहे. अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू झाली की, किंवा एचआयव्हीमुळे ती खालावली की, एचपीव्हीचा त्रास वाढतो. तळच्या थरात मूठभर पेशींमध्ये विषाणू पडून राहतो आणि टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, त्याला दाबून धरतात, असं चित्र यातून उभं राहतं. ही पकड सैल झाली की जुनाच विषाणू पुन्हा दिसू लागतो. नवा जोडीदार नसतानाही स्त्रियांमध्ये विषाणूचा तोच प्रकार पुन्हा आढळल्याच्या नोंदी आहेत.

म्हणून पंचेचाळिसाव्या वर्षी आलेला पॉझिटिव्ह रिपोर्ट गेल्या महिन्यातल्या लागणीचा असेल किंवा विशीतल्या. तो नवऱ्याकडून आला असेल, किंवा लग्नाआधीच्या नात्यातून तिचा तिच्याकडेच असेल. नवऱ्यालाही तो कधीकाळी मिळालेला आणि त्याच्या नकळत राहिलेला असू शकतो. पुरुषांसाठी अशी तपासणी नेहमीच्या वापरात नाही, त्यामुळे शोध घ्यायचा म्हटलं तरी तो तिथेच अडतो. एकाचं निदान होईपर्यंत दुसऱ्याचा त्याच विषाणूशी बहुधा संपर्क येऊन गेलेला असतो.

खरी काळजी करायची ती टिकून राहणाऱ्या लागणीची. एचपीव्हीच्या दोनशेहून अधिक प्रकारांपैकी 16 आणि 18 या क्रमांकांचे दोनच गर्भाशयमुखाच्या सुमारे 70 टक्के कर्करोगांना कारण ठरतात. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी हा संबंध उलगडला. 2008 चं नोबेल त्यांना त्याबद्दल मिळालं. या प्रकारांची दोन प्रथिनं पेशीच्या वाढीवरचे लगाम काढून टाकतात. तरीही लागणीपासून कर्करोगापर्यंत साधारण पंधरा-वीस वर्षं जातात. प्रतिकारशक्ती कमजोर असेल तर कमी. एवढ्या अवधीत बिघडलेल्या पेशी शोधून काढून टाकता येतात. एचपीव्हीविरुद्धची लस मात्र आधीच शिरलेला विषाणू हुसकावत नाही. म्हणून ती लैंगिक आयुष्य सुरू होण्याआधी देतात.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचारा: प्रकार कोणता आहे, आणि पुढची तपासणी कधी करायची.