पेशीतली पाचक एन्झाइमं आणि रेडिएशन: मागची गोष्ट

छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात मराठवाडाभरातून पेशंट येतात. गुटखा-तंबाखूमुळे तोंडाचा कॅन्सर झालेली तरुण मुलं पाहून जीव तुटतो. अशा पेशंटला सहसा सहा-सात आठवड्यांत 30 ते 35 वेळा रेडिएशन देतात. त्याने गाठीतली पेशी नेमकी मरते कशी, याचं उत्तर मधल्या काळात पार फिरलं.

1949 साली बेल्जियममध्ये शास्त्रज्ञ ख्रिश्चन द द्यूव्ह उंदराच्या यकृताच्या लगद्यात ॲसिड फॉस्फटेज हे एन्झाइम मोजत होते. आकडा आला अपेक्षेच्या जेमतेम दहावा हिस्सा. नमुने फ्रिजमध्ये पडून राहिले, पाच दिवसांनी पुन्हा मोजलं तर एन्झाइम भरपूर! म्हणजे ते कशात तरी कोंडलेलं होतं आणि पडदा फुटल्यावर बाहेर आलं. 1955 मध्ये पाचक एन्झाइमं कोंडून ठेवणाऱ्या पेशीतल्या या पिशव्यांना लायसोसोम हे नाव मिळालं.

त्याच दशकात बॅक आणि अलेक्झांडर या संशोधकांनी मांडलं, की किरणांमुळे पेशीतले पडदे फाटतात, एन्झाइमं मोकाट सुटतात आणि पेशीचा नाश करतात. पटण्यासारखंच होतं. पण 1970 मध्ये मन्रो या संशोधकाने पोलोनियम हे किरणोत्सारी द्रव्य लावलेल्या सुईने केंद्रक वाचवून फक्त भोवतालच्या पेशीद्रवावर किरण सोडले, तर प्रचंड डोस देऊनही पेशींची वाढ चालूच राहिली. खरा घाव केंद्रकातल्या डीएनएवर बसतो, हे पक्कं होत गेलं. गाठीत एन्झाइमं वाढलेली दिसतात ती बरेचदा नंतर, मेलेल्या पेशींची साफसफाई सुरू झाल्यावर. जखमी पेशी पुष्कळदा विभागायला गेल्यावरच मरते, म्हणून रेडिएशन संपलं तरी गाठ काही आठवडे विरत राहते. नातेवाइकांनी लगेच धीर सोडू नये. गाठ उरली का हे पाहणारा पेट स्कॅनसुद्धा रेडिएशननंतर साधारण 12 आठवड्यांनी करतात.

लायसोसोमचा विषय मात्र तिथे मिटला नाही. 2001 मध्ये दिसलं, की किरण लागलेल्या कॅन्सरपेशी स्वतःचेच मोडके भाग लायसोसोममध्ये पचवू लागतात. यातून काही पेशी तगतात. हे पचन रोखण्यासाठी मलेरियावरच्या क्लोरोक्विनचे प्रयोग झाले, कारण ते लायसोसोममधली आम्लता कमी करतं. ते अजून नेहमीच्या उपचारात आलेलं नाही. निरोगी पेशीही याच पचनावर जगतात, त्यामुळे गाठीपुरतंच ते कसं अडवायचं, हा पेच अजून सुटायचा आहे.