जळगावहून अबिस्कोला: बर्फावरच्या मोहिमेत नाव घालण्याआधी

चौकशीला येणारा प्रत्येक जण आधी थंडीचं विचारतो. "उणे वीस म्हणजे लागतं तरी कसं?" आणि खुर्चीवरून उठता उठता, हळूच, "आमले जमी का, भो?" दोन्हीची उत्तरं तोंडी देऊन देऊन घसा बसला, म्हणून हे पत्रक. निवांत वाचा, घरच्यांनाही वाचायला द्या. वाचून नको वाटलं तर आमचा राग नाही. पैसे भरून मुंबईच्या विमानतळावर नको वाटण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

जायचं कुठे

स्वीडनच्या अगदी उत्तर टोकाला अबिस्को नावाचं छोटं गाव आहे. आर्क्टिक वृत्त ६६ अंश ३३ मिनिटांवर, आणि अबिस्को त्याच्याही जवळपास दोनशे किलोमीटर वर. (जळगाव २१ अंशांवर आहे.) तिथून कुंग्सलेडेन, म्हणजे 'राजमार्ग', नावाची पायवाट डोंगरांतून दक्षिणेला निघते. अख्खी वाट चारशे किलोमीटरच्या वर आहे. आपण तिचा उत्तरेकडचा भाग करतो: अबिस्को, आलेसयाउरे, चेक्त्याची खिंड, सेल्का, सिंगी. सिंगीला राजमार्ग सोडून पूर्वेला वळायचं आणि केब्नेकाइसेच्या पायथ्यावरून निक्कालुओक्ताला उतरायचं. केब्नेकाइसे हा स्वीडनचा सर्वात उंच डोंगर. एकूण चाल सुमारे १०५ किलोमीटर. सात दिवस स्कीवर, आठवा दिवस हवा बिघडली तर म्हणून राखून ठेवलेला.

वाटेतली सर्वात उंच जागा ही चेक्त्याची खिंड, अंदाजे ११५० मीटर. म्हणजे आपल्या तोरणमाळच्या पठाराएवढीच. दम लागेल तो ओझ्याने लागेल, विरळ हवेने नाही. हिमालयात त्रास झालेले लोक इथे उगाच घाबरतात.

मोहीम मार्चच्या मध्यावर असते, आणि ते मुद्दाम. डिसेंबरात तिथे कित्येक आठवडे सूर्यच वर येत नाही. मार्चच्या मध्यावर दिवस-रात्र आपल्यासारखी बारा-बारा तासांची होते आणि बर्फही बसलेला असतो. दिवसा उणे पाच ते उणे पंधरा, रात्री उणे वीस-पंचवीसपर्यंत धरून चला. उत्तरध्रुवीय प्रकाश त्या दिवसांत दिसू शकतो. दिसेलच असं आम्ही लिहून देत नाही.

एक गंमत. अबिस्कोला वर्षाचं पाऊस-बर्फ मिळून पाणी पडतं साधारण ३०० मिलिमीटर. धुळ्याच्या कोरडवाहू शेतकऱ्यालाही ते कमीच वाटेल. ढग पश्चिमेच्या डोंगरांवरच रिकामे होतात. मग एवढा बर्फ कुठून, तर पडलेला वितळत नाही, एवढंच.

थंडी नव्हे, घाम

पत्रकातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

आपण उन्हाळा निभावणारी माणसं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की डोक्याला रुमाल, खिशात कांदा, दुपारी बाराच्या आत घर, तहान लागायच्या आधी पाणी. कुणी शिकवत नाही, अंगवळणी पडलेलं असतं. बर्फातही अशीच शिस्त आहे, फक्त एक गोष्ट नेमकी उलटी होते. इथे घाम आपल्याला वाचवतो, तिथे तोच घात करतो. चढ चढताना घाम आला, कपडे ओले झाले, की थांबल्यावर तो ओलावा अंगातली ऊब ओढून घेतो. म्हणून निघताना जरा थंडी वाजतच निघायचं. दहा मिनिटांनी सगळे थांबतात आणि एक थर उतरवतात. विश्रांतीला थांबलं की सर्वात आधी, पाणी पिण्याच्याही आधी, जाड पिसांचं जाकीट अंगावर. निघताना ते पुन्हा पिशवीत. दिवसातून दहा वेळा हे करताना कंटाळा येतो. कंटाळा आला तरी करायचं.

माझंच सांगतो. पहिल्या खेपेला लोकरीच्या कपड्यांच्या आत सवयीने सुती बनियन घातली. वीस वर्षं घालतोय, एक दिवस नाही काढली तर काय होतं! खिंडीच्या चढावर भिजली, वर वाऱ्यात पाच मिनिटं उभा राहिलो, आणि पाठीवर कुणी ओला टॉवेल टाकल्यासारखं झालं. दात वाजायला लागले. गाईडने काही न बोलता मला वाऱ्याआड बसवलं, बनियन काढायला लावली, कोरडी लोकर चढवली, गरम सरबत पाजलं. काढलेली बनियन पुल्क्यावर, म्हणजे मागे ओढायच्या सामानाच्या घसरगाडीवर, टाकली होती. तंबू लावेपर्यंत ती उडदाच्या पापडासारखी कडक झाली होती, वाकवली तर कडकड आवाज. ती बनियन अजून कार्यालयात खिळ्याला टांगलेली आहे. आलात की बघा.

वाऱ्याचाही हिशेब धरा. हवा उणे वीस असताना ताशी ३६ किलोमीटर वारा सुटला, तर उघड्या कातडीला ते उणे तेहतीस-चौतीससारखं लागतं. नाक, गाल, कानाची पाळी आधी बधिर होतात आणि तिथे पांढरा चट्टा उमटतो. स्वतःला तो दिसत नाही, म्हणून प्रत्येकाला एक जोडीदार नेमून दिलेला असतो. एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहणं हे त्याचं काम. चट्टा दिसला तर उबदार तळवा नुसता टेकवून ठेवायचा. चोळायचं नाही, बर्फाने तर अजिबात नाही.

स्की आणि पुल्का

औली किंवा गुलमर्गला स्कीइंग केलेले लोक इथे थोडे चकतात. तिथे टाच जखडलेली असते आणि उतारावर सुटायचं असतं. इथे बूट फक्त पुढच्या टोकाला अडकतो, टाच उचलता येते, आणि काम चालण्याचं असतं: एक पाय सरकवा, दुसरा सरकवा. चढावर स्कीच्या तळाला पट्टी चिकटवतात. तिची लव एका दिशेला असते, त्यामुळे स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. स्की कधीच घातली नसेल तरी चालतं. पहिला दीड दिवस गावाजवळच्या सपाटीवर शिकण्यातच जातो. पडाल. सगळे पडतात.

सामान पाठीवर नसतं. पुल्का म्हणजे होडीसारखी उथळ घसरगाडी. कमरेच्या पट्ट्याला दांड्या जोडून ती मागे ओढायची. सुरुवातीला वजन चाळीस किलोच्या आसपास. सपाटीवर ते जाणवत नाही, चढावर बैलाची आठवण येते, आणि उतारावर पुल्का मालकालाच ढकलू पाहतो. हिवाळ्यातली वाट खांबांवरच्या लाल फुल्यांनी दाखवलेली असते. वादळात एका फुलीवरून पुढची दिसेना, तर पुढे जायचं की तंबू ठोकायचा, हे गाईड ठरवतो. तिथे शब्द त्याचाच. आमचाही नाही.

संध्याकाळ तंबूतली

आल्या आल्या तंबू. बोगद्यासारखे लांबट तंबू असतात. आधी एक टोक बर्फात पक्कं करायचं, मगच बाकीचा उलगडायचा. वाऱ्यात हातून सुटलेला तंबू परत येत नाही. कडेच्या झालरींवर फावड्याने बर्फ लोटायचा. मग ओसरीत गुडघाभर खड्डा खणायचा: थंड हवा जड असते, ती त्यात उतरून बसते, आणि आपल्यालाही पाय सोडून खुर्चीसारखं बसता येतं. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत मात्र ठरवून दिलेल्या जागीच मुक्काम करायचा असतो.

नंतर स्टोव्ह. आपल्या घरोघरचा गॅस सिलिंडर इथे नको. त्यातल्या ब्युटेनचा शून्याच्या आसपासच वायू होणं थांबतं. इथे द्रव इंधनाचा पंपाचा स्टोव्ह चालतो, आणि चाळिशी ओलांडलेल्यांना तो बघताच ओळखीचा वाटतो. आजीकडचा पितळी स्टोव्ह आठवा: हवा भरायची, वर थोडं इंधन पेटवून नळी तापवायची, पिवळी ज्योत निळी होऊन घरघर सुरू झाली की झालं. तो स्टोव्ह मुळात स्वीडनचाच. लिंडक्विस्ट नावाच्या कारागिराने १८९२ साली स्टॉकहोममध्ये काढलेला. म्हणजे तुम्ही आजीची विद्या तिच्या माहेरी घेऊन चाललात म्हणा ना. एक धोका मात्र कधीही विसरू नका: बंद तंबूत स्टोव्हच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न देता मारतो. वरची जाळी उघडी हवीच, कितीही थंडी असो.

मग पाणी. बर्फ वितळवूनच पाणी मिळतं. ताजा भुसभुशीत बर्फ भांडं भरून घ्या, वितळला की तळाला एक-दोन कप. नुसता कोरडा बर्फ तापवला तर भांडं करपतं आणि पाण्याला जळका वास येतो, म्हणून आधी तळाशी कपभर पाणी घालायचं. दोघांना मिळून दिवसाला सहा-सात लिटर लागतं. सकाळ-संध्याकाळ मिळून तीन-चार तास याच कामात जातात. मोहीम म्हणजे चालणं कमी आणि बर्फ वितळवणं जास्त, असं कुणी म्हटलं तर ते खोटं नाही.

झोपताना बुटांचे आतले मोजे, ओले हातमोजे, मोबाइल, उद्याच्या पाण्याची बाटली, सगळं झोपण्याच्या पिशवीत स्वतःबरोबर. खाली एक फोमची आणि एक हवेची अशा दोन चटया, कारण थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त येते. रात्री लघवीला बाहेर जायचं नसेल तर त्यासाठी वेगळी रुंद तोंडाची बाटली असते. ताईंसाठी त्याची वेगळी सोय मिळते. संकोच न करता विचारा. बाटलीवर मोठी खूण करा, अंधारात दोन्ही बाटल्या सारख्याच लागतात.

वाटेत थोड्या थोड्या अंतरावर डोंगरातल्या झोपड्या आहेत. मुक्काम तंबूतच असतो, पण कुणाचं बिनसलं तर तो आधार आहे. आलेसयाउरेला लाकडावर तापणारं वाफेचं न्हाणीघरही आहे. तिथे गेलेला माणूस लवकर बाहेर येत नाही.

खाणं

दिवसाला चार ते पाच हजार कॅलरी लागतात. घरी खातो त्याच्या जवळपास दुप्पट. शाकाहारी जेवण पूर्ण मिळतं: गरम पाणी ओतून होणारं वाळवलेलं अन्न, ओट्स, लोणी, सुकामेवा. भरीत आणि कळण्याची भाकरी मिळणार नाही, ती परत आल्यावर.

घरून काय न्यावं, यावर नेहमी वाद होतो. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. तेव्हा तूप, पेढे, खवा घरीच. तुपातले डिंकाचे लाडूही आम्ही नको म्हणतो, सीमाशुल्काच्या टेबलावर आईच्या हातचे लाडू कचऱ्यात जाताना बघवत नाहीत. गूळ-शेंगदाण्याची चिक्की, तिळगूळ, केळ्याचे वेफर्स खुशाल घ्या. ताजी फळं न्यायला बहुतेक वेळा वनस्पती-आरोग्य दाखला लागतो, पण पाच फळांना सूट आहे: अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी! २०१६ पासून जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन आहेच, आता युरोपचा दरवाजाही उघडा. मात्र तंबूत नेऊ नका. गोठलेल्या केळ्याने खुंटी ठोकता येते.

सामान आणि कागदपत्रं

स्की, बूट, पुल्का, तंबू, झोपण्याची पिशवी आणि पिसांचं जाकीट तिथे भाड्याने मिळतं, त्याचे पैसे मोहिमेच्या रकमेत धरलेले आहेत. तुम्ही घ्यायचं ते लोकरीचे आतले कपडे दोन जोड, लोकरीचे मोजे, पातळ आणि जाड हातमोजे (जाड हातमोज्यांना मनगटाशी दोरी हवीच), कानटोपी, गॉगल. जीन्स, सुती टी-शर्ट, घरचा मफलर काही नको. चष्मा असेल तर दुसरा जोड न्या.

सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावर संदेश पाठवणारं यंत्र इथून विकत घेऊन नेऊ नका. भारतात ते परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा ठरतो. गाईडकडे तिथलं यंत्र असतं. वाटेत बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, घरी तसं आधीच सांगून ठेवा.

शेंगेन व्हिसाचा (स्वीडनसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. आम्ही डिसेंबरातच करून घेतो. शुल्क मोठ्यांना ९० युरो. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, पण नुसता तेवढा पुरत नाही: त्यात स्कीवरची मोहीम आणि बर्फातून सुटका हे शब्द छापील असले पाहिजेत. एजंट तोंडी "सगळं कव्हर आहे" म्हणतात, त्यावर जाऊ नका. मोहिमेची रक्कम क्रोनाच्या, म्हणजे स्वीडनच्या चलनाच्या, भावाप्रमाणे हलते, म्हणून ती इथे छापलेली नाही. वेगळा कागद कार्यालयात मिळेल.

कुणी येऊ नये

हृदयविकार, नियंत्रणात नसलेला दमा, थंडीत बोटं पांढरी पडण्याचा त्रास असेल तर आम्ही नाव घेत नाही. मधुमेह असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं, इन्सुलिन गोठलं की वाया जातं. आणि ज्याला थांब म्हटल्यावर थांबता येत नाही, अशा पहिलवान गड्यालाही आम्ही नम्रपणे नकार देतो. ताकद फार लागत नाही. दिल्लीच्या रीना कौशल धर्मशक्तू २००९ साली स्कीवर दक्षिण ध्रुवापर्यंत गेल्या, अशी मोहीम करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. नऊशे किलोमीटर चाल होती. ती जोरावर होत नाही, रोजची तीच ती कामं न चुकता करून होते.

तयारी

ऑक्टोबरपासून जुना टायर कमरेला दोरीने बांधून आठवड्यातून तीन दिवस तासभर ओढायचा. मेहरूण तलावाच्या काठी पहाटे आमची मंडळी दिसतात. लोक हसतात, कुत्री मागे लागतात, महिन्याभरात दोघांनाही सवय होते.

जानेवारीत एका ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या गोदामात सराव असतो, उणे अठरा अंशांत. स्टोव्ह तिथे पेटवत नाही. जाड हातमोजे घालून तंबूच्या काठ्या जोडणं, चेन लावणं, गाठ मारणं आणि सोडणं, एवढंच. वीस मिनिटं आत, दहा मिनिटं बाहेर. गेल्या वेळी एका दादांनी चिडून हातमोजा काढला आणि उघड्या बोटांनी धातूची काठी धरली. पुढच्या फेरीला त्यांनी सर्वांच्या आधी हातमोज्यांची दोरी तपासली.

नाव घालायचं असेल तर या सरावाला आधी या, पैसे नंतर भरा. येताना लोकरीचा स्वेटर आणि दोन जोड मोजे आणा, बाकी आम्ही देतो. गोदामवाला सकाळी सातला दार उघडतो, साडेनवाला त्याच्या गाड्या भरायला लागतात, तेव्हा वेळेवर या.