फोरसॉमर : नॉर्वेतील ग्रीष्मारंभ

नॉर्वेतील उन्हाळ्याच्या पहिल्या टप्प्याला 'फोरसॉमर' म्हणतात. ढोबळमानाने हा काळ मेच्या मध्यापासून जूनच्या अखेरीपर्यंतचा. या दिवसांत देशभर एकच ऋतू नसतो. हार्डांगर फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या खाडीच्या, काठी सफरचंदाच्या बागा फुललेल्या असतात आणि तिथून घाट चढून हार्डांगरविड्डाच्या पठारावर जावे, तर तळी अजून गोठलेलीच. त्यामुळे प्रवास ठरवताना तारखेच्या आधी उंची पाहावी लागते.

बर्गेन शहर ६० अंश उत्तरेला, म्हणजे ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाच्या रांगेत आहे. तरी अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे तिथले बंदर हिवाळ्यातही गोठत नाही. त्याच समुद्रावरून येणारे ढग डोंगरांना अडतात आणि शहरावर वर्षाला २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. डोंगरांपलीकडच्या शॉक भागात मात्र जेमतेम ३०० मिलिमीटर, आणि शेतीला पाणी द्यावे लागते. सह्याद्रीची पर्जन्यछाया ठाऊक असलेल्यांना हे वेगळे समजावायला नको. बर्गेनमध्ये शरदात पावसाचा कहर असतो, मे-जूनमध्ये त्या मानाने उघडीप. तरी छत्री घरी ठेवण्याइतकी नाही. विल्हेल्म ब्यर्कनेस यांनी १९१७ मध्ये हवामानशास्त्राचे नवे केंद्र उभारले ते याच पावसाळी गावात. उबदार आणि थंड हवेच्या सीमेला 'आघाडी' हे युद्धातले नाव तिथेच मिळाले. पहिले महायुद्ध तेव्हा नुकतेच संपले होते.

फोरसॉमरचे खरे वेळापत्रक घाटरस्ते ठरवतात. लोम आणि लुस्टर यांना जोडणारा सोग्नेफ्येल रस्ता १,४३४ मीटरपर्यंत चढतो. हिवाळाभर तो बंद असतो आणि साधारण मेमध्ये उघडतो. बर्फाखाली रस्ता नेमका कुठे आहे, हे कडेला शरदातच रोवून ठेवलेल्या उंच काठ्यांवरून कळते. बर्फ कापून दूर फेकणारी यंत्रे त्या खुणांमधून वाट काढतात. मग दोन्ही बाजूंना बर्फाच्या सरळ भिंती उभ्या राहतात, काही वर्षी बसच्या टपाहूनही उंच. जवळ जाऊन पाहिले तर भिंतीत थर दिसतात आणि एकेका थरात हिवाळ्यातली एकेक हिमवृष्टी ओळखू येते. दुपारी भिंतींच्या पायथ्याचे पाणी रस्त्यावर ओघळते, रात्री त्याचीच काच होते. म्हणूनच काही घाट उघडल्यानंतरही सुरुवातीला रात्री बंद ठेवतात. खिळ्यांचे हिवाळी टायर दक्षिणेत ईस्टरनंतर चालत नाहीत; मात्र रस्त्याला तशी गरज असेल तर मुभा आहे, आणि कायद्यातली ही फट शहाणपणाची म्हटली पाहिजे.

आउरलँड आणि लेर्दाल या गावांदरम्यान जाताना दोन रस्त्यांतून निवड करता येते. वर १,३०६ मीटरपर्यंत जाणारा 'हिमरस्ता' आहे. खाली २००० मध्ये खुला झालेला, २४.५ किलोमीटर लांबीचा बोगदा बारमाही चालू असतो. घाईत असलेल्याने बोगदा धरावा. पण वरचा रस्ता उघडा असताना बोगद्यातून जाणे म्हणजे देश न पाहताच परतणे. ११ तीव्र वळणांचा ट्रोलस्टिगन घाट १९३६ चा. तिथे बर्फाइतकीच दरडींची धास्ती असते. खडकाच्या भेगांत पाणी गोठते, वितळते आणि दगड सुटतो. २०२४ च्या जूनमध्ये दरडींमुळे हा घाट ऐन मोसमात बंद करावा लागला.

हेच वितळलेले पाणी धबधब्यांना मिळते. १८२ मीटरचा व्हरिंग्सफोस पाहावा तो या दिवसांत. ऑगस्टमधल्या प्रवाशाला तो इतका भरलेला क्वचितच मिळतो. गाडी चालवण्याचा धीर नसेल तर १९०९ मध्ये पूर्ण झालेला ओस्लो-बर्गेन लोहमार्ग आहे. त्यावरच्या १,२२२ मीटर उंचीच्या फिन्से स्थानकावर जूनमध्येही फलाटालगत बर्फ असू शकतो.

उत्तरेत उजेड आधी येतो, ऊब मागाहून. ट्रोम्सोमध्ये साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य मावळत नाही, पण मेमध्ये बर्फ पडला तर कोणी दचकत नाही. फिनमार्कमध्ये रेनडिअर रस्त्यातच उभे राहतात, हॉर्नला दाद देत नाहीत. जूनच्या शेवटी डास निघाले की थंडी बरी होती असे वाटू लागते.

सुट्ट्यांकडेही लक्ष हवे. १७ मे हा १८१४ च्या राज्यघटनेचा दिवस. त्या दिवशी गावोगाव मुलांच्या मिरवणुका निघतात, दुकाने बंद असतात आणि बस-गाड्यांच्या वेळा बदलतात.

पायी भटकणाऱ्यांचा मोसम सगळ्यांत उशिरा सुरू होतो. १८६८ मध्ये स्थापन झालेल्या पर्यटन संघाने दगडांवर रंगवलेली लाल 'टी' ची खूण वाट दाखवते; पण फोरसॉमरमध्ये पठारावरच्या कितीतरी खुणा बर्फाखालीच असतात. पुरात वाहून जाऊ नयेत म्हणून ओढ्यांवरचे काही साकव हिवाळ्यापूर्वी काढून ठेवलेले असतात. ते पुन्हा लागेपर्यंत नकाशावरची वाट ओढ्याच्या काठाशी येऊन थांबते.