एडी आणि होल: दोन्हींना ‘भोवरा’ म्हणणे थांबवा

नदीत कोणी बुडाले की बातमीत एकच शब्द येतो: भोवरा. कयाकिंगविषयी, म्हणजे दुपाती वल्ह्याने छोटी होडी हाकण्याच्या खेळाविषयी, मराठीत बोलतानाही एडी आणि होल या दोहोंसाठी तोच शब्द सर्रास वापरला जातो. तीव्र उताराच्या डोंगरी ओढ्यात हा घोळ जिवावर बेतू शकतो, कारण तिथे एडी ही विसाव्याची जागा असते आणि होल ही माणसाला धरून ठेवणारी.

कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग केलेल्यांना एडी ठाऊक असते. पाण्याबाहेर डोके काढून उभ्या असलेल्या खडकामागे पाणी वळून प्रवाहाच्या उलट दिशेने येते. तिथे राफ्ट थांबवून गाईड मागच्यांची वाट पाहतो. तिच्याविषयी एवढे पुरे.

होलमध्येही पृष्ठभागावरचे पाणी प्रवाहाच्या उलट दिशेने येते, आणि गफलत होते ती इथेच. एडीतील पाणी जात्यासारखे आडवे फिरते, तर होलमधील पाणी रहाटासारखे उभे. खडकावरून पडणारे पाणी आधी खोल जाते, थोड्या अंतरावर उसळून वर येते आणि त्यातला काही भाग पुन्हा पडत्या धारेकडे ओढला जातो. या पांढऱ्या पाण्यात हवा इतकी मिसळलेली असते की होडी नेहमीसारखी तरंगत नाही आणि पॅडलला पाण्याचा आधार मिळत नाही. त्यात आडवी सापडलेली कयाक पुढेही सरकत नाही आणि मागेही. अशा वेळी झुकायचे ते खालच्या बाजूला, फेसाकडे. धारेकडची कड जरा जरी दबली, तरी पडते पाणी होडी क्षणात उलटवते. (होलला ‘खड्डा’ म्हणणाऱ्यांपुढे तर मी हात टेकले आहेत. निघोजला कुकडीच्या पात्रात दिसतात ते रांजणखळगे. होल हा खडकाचा नव्हे, पाण्याचा आकार आहे.)

खरी मेख अशी की, एकच खडक दोन्ही घडवतो. केरळमध्ये कोळिकोड जिल्ह्यातील चालिप्पुळेसारख्या घाटातून उतरणाऱ्या नद्यांवर कयाकिंगचा हंगाम पावसाळ्याचा, आणि वर डोंगरात सर कोसळली की पातळी काही तासांत चढते. कुंडलिकेत भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्याचा अंदाज बांधता येतो, इथे तो बांधता येत नाही. सकाळी ज्या खडकामागे एक कयाक मावेल एवढी एडी होती, तोच खडक दुपारी पाण्याखाली जातो, त्याच्या माथ्यावरून पाणी ओसंडू लागते आणि मागे होल तयार होते. वरून येणाऱ्याला मात्र दिसतो तो केवळ एक गुळगुळीत उंचवटा, आणि सकाळच्या आठवणीवर विसंबून तो थेट त्याच्यामागे वळतो.

म्हणूनच ओढ्यात उतरण्याआधी काठाने चालत जाऊन पाहणी करण्याला पर्याय नाही, आणि त्यासाठी मला कोणत्याही उपकरणापेक्षा वाळकी फांदी अधिक भरवशाची वाटते. एडीत टाकलेली फांदी संथपणे गिरक्या घेत राहते. होलमधली बुडते, वर येते, धारेखाली ओढली जाते आणि पुन्हा बुडते. मग टोके पाहावीत. वरच्या बाजूने पाहताना होलची टोके प्रवाहाच्या दिशेने वळलेली दिसली, म्हणजे आकार हसऱ्या ओठांसारखा असला, तर कडेने निसटता येते. टोके आपल्याकडे वळलेली असली, तर पाणी पुन्हा मध्याकडे आणून सोडते. फांदी बराच वेळ बाहेर पडत नसेल, तर तो टप्पा चालत पार करावा. टाळणे शक्य नसलेल्या लहान होलवर कड्याच्या अगदी ओठावर शेवटचा जोरदार वल्हा मारून कयाक उलट्या पाण्याच्या पलीकडे टाकतात. त्या उडीला बूफ म्हणतात. एडीत शिरण्यासाठी असा खटाटोप करावा लागत नाही. तिथे वेगाने तिरके शिरावे आणि सायकल वळवताना झुकतो तसे वळणाच्या आतल्या बाजूला झुकावे.

सर्वांत फसवे होल डोंगरात नसून आपल्या गावाकडच्या बंधाऱ्याखाली असते. भिंतीवरून एका सरळ रेषेत पडणारे पाणी दिसायला शांत असते, पण त्याच्या पायथ्याचा रहाट या काठापासून त्या काठापर्यंत पसरलेला असतो आणि निसटायला टोकच उरत नाही. अशा ठिकाणी विसेक किलोची कयाक खांद्यावर घ्यावी आणि काठाने पुढे जावे.