गुलाबाचे वाण : घरगुती बागेतील संग्रह

परसात, गच्चीवरील कुंड्यांत किंवा बंगल्याच्या आवारात हौसेने जोपासलेला, रंग, गंध, फुलाची घडण आणि झुडपाची वाढ या बाबतींत एकमेकांहून वेगळ्या असलेल्या गुलाबांचा समूह म्हणजे घरगुती गुलाब-संग्रह. गुलाब ही रोझेसी कुलातील रोझा प्रजाती असून तिच्या शंभराहून अधिक वन्य जाती मुख्यतः उत्तर गोलार्धात आढळतात. परंतु बागांतून दिसणारे हजारो वाण त्यांपैकी जेमतेम दहा-एक जातींच्या पुन्हा पुन्हा झालेल्या संकरांतून उतरले आहेत. महाराष्ट्रातील हौशी बागाईतदार रोपवाटिकेत उमललेले फूल पाहून वाण निवडतो, आणि ते स्वाभाविकही आहे. मात्र तो वाण पावसाळ्यात तग धरेल का, वर्षातून किती वेळा बहरेल, त्याला वास कितपत असेल, या प्रश्नांची उत्तरे फुलापेक्षा त्याच्या वंशावळीत अधिक खात्रीने मिळतात. संग्रह वंश पाहून उभारला, तर तो थोड्या झाडांतही समृद्ध होतो.

वंश आणि वर्ग : युरोपातील गॅलिका, दमास्क हे जुने गुलाब बहुतांशी वर्षातून एकदाच फुलत. अठराव्या शतकाच्या अखेरीस चिनी गुलाब युरोपात पोचले आणि बारमाही बहराचा गुण त्यांच्याकडून पुढच्या बहुतेक वाणांत आला. ‘ओल्ड ब्लश’ हा फिकट गुलाबी वाण या चिनी पूर्वजांपैकी एक. झाडाला ठरावीक हंगामापुरते फुलू देणारे एक जनुक या गुलाबांत आगंतुक डीएनए-तुकडा शिरल्यामुळे निकामी झाले आहे, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. प्रत्येक नव्या फुटव्याच्या टोकाला कळी धरण्याची आधुनिक गुलाबाची सवय याच बिघाडातून आली असून, छाटणी केली की बहर येतो हा बागेतला नित्याचा अनुभवही त्यावरच उभा आहे.

१८६७ साली फ्रान्समधील गियो यांच्या रोपवाटिकेतून आलेला ‘ला फ्रान्स’ हा पहिला हायब्रिड टी मानला जातो, आणि त्या वर्षापूर्वी अस्तित्वात असलेल्या वर्गांना जुने गुलाब म्हणण्याचा प्रघात आहे. लांब दांड्यावर एकेकटे, उंच मध्याचे फूल हे हायब्रिड टीचे लक्षण होय. घरगुती संग्रहात बहुधा याच वर्गाची झाडे सर्वांत जास्त असतात. झुबक्याने फुलणारे फ्लोरिबंडा, त्याहून लहान फुलांचे पॉलिअँथा, कुंडीत सहज मावणारे मिनिएचर म्हणजे आपल्याकडचे बटण गुलाब, आणि वेली गुलाब हे इतर प्रचलित वर्ग आहेत. इंग्लंडमधील डेव्हिड ऑस्टिन यांनी जुन्या गुलाबांची भरगच्च घडण व सुवास यांचा बारमाही बहराशी मेळ घालून निर्माण केलेले वाण अलीकडे आपल्याकडेही लावले जातात; उष्ण हवेत ते बेसुमार उंच वाढतात आणि त्यांची जड फुले खाली झुकतात, म्हणून त्यांना गच्चीवरील कुंडीपेक्षा आधार दिलेली जमिनीतील जागा अधिक मानवते.

पिवळ्या रंगाची गोष्ट इथे मुद्दाम सांगण्याजोगी आहे. गर्द पिवळा रंग आधुनिक गुलाबात आला तो इराणी पिवळ्या गुलाबापासून; ल्यों शहराजवळ काम करणाऱ्या पेर्ने-द्युशे यांनी अनेक वर्षे खटपट करून त्याचा संकर साधला आणि १९०० साली ‘सोलेय दोर’ हा वाण बाजारात आणला. पण या इराणी पूर्वजाने रंगासोबत पानांवरील काळ्या ठिपक्यांच्या रोगाला बळी पडण्याची प्रवृत्तीही दिली. या बुरशीचे बीजाणू रुजून पानात शिरण्यासाठी पान सुमारे सात तास सलग ओले राहावे लागते, आणि आपल्या पावसाळ्यात, विशेषतः कोकणात व घाटमाथ्यावर, पाने दिवसचे दिवस ओलीच असतात. तेव्हा पिवळे, केशरी आणि दुरंगी वाण ऑगस्टमध्ये निष्पर्ण झाले, तर दोष दर वेळी निगेचाच असतो असे नाही. असे वाण उघड्यावर पण वारा खेळता राहील अशा जागी, दाटी न करता लावावेत, गळलेली पाने रोजच्या रोज वेचावीत आणि पाणी पानांवर न मारता बुंध्याशी द्यावे. ‘लँडोरा’ हा पिवळा वाण भारतीय बागांत दीर्घकाळ टिकून आहे. पिवळा गुलाब हवाच असेल, तर सुरुवात त्याच्यापासून करणे शहाणपणाचे ठरते.

‘पीस’ आणि त्याचे गोत : फ्रान्समधील फ्रान्सिस मेयाँ यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आधी निर्माण केलेला, पिवळ्या पाकळ्यांना गुलाबी कडा असलेला वाण युद्ध सुरू होण्याच्या सुमारास डोळकाड्यांच्या, म्हणजे कलमासाठी कापलेल्या डोळेदार काड्यांच्या, रूपाने देशाबाहेर गेला, आणि २९ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेतील पॅसाडेना येथे त्याचे ‘पीस’ असे नामकरण झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील असंख्य हायब्रिड टी वाणांच्या वंशावळीत हे नाव सापडते. संग्रहात ‘पीस’चे झाड नसले, तरी त्याचे नातेवाईक असतातच. ‘ख्रिश्चन डिऑर’ हा भारतात लोकप्रिय झालेला लाल वाण आणि १९६० चा शेंदरी ‘सुपर स्टार’ यांच्या पूर्वजांत ‘पीस’ आहे, तर १९७७ साली आलेला ‘डबल डिलाईट’ हा त्याचा नातू लागतो.

‘डबल डिलाईट’ पाहायचा तर एकदा पाहून भागत नाही. कळी उमलते तेव्हा पाकळ्या दुधाळ पिवळसर असून फक्त टोकांना तांबूस रेघ असते. ऊन लागेल तसा तो तांबडेपणा कडेकडून आत सरकतो आणि एक-दोन दिवसांत बाहेरच्या पाकळ्या जवळजवळ पूर्ण लाल होतात, मधला भाग मात्र फिकटच राहतो. हा लाल रंग तयार होण्यासाठी अतिनील किरण लागतात, त्यामुळे काचेआड किंवा दाट सावलीत वाढलेल्या झाडाची फुले पांढुरकी राहतात. रोपवाटिकेत शेडनेटखाली फिकट दिसलेला हा वाण गच्चीवर आणल्यावर रंगतो तो यामुळेच.

रंग आणि गंध : गुलाबात निळे रंगद्रव्य तयार करणारी यंत्रणा मुळातच नाही. ‘ब्लू मून’ हा १९६४ चा जर्मन वाण प्रत्यक्षात फिकट जांभळा आहे, आणि त्याचा लिंबाच्या सालीची आठवण देणारा गंध रंगापेक्षा अधिक मोलाचा आहे. जपानमधील सनटोरी कंपनीने पॅन्झी या फुलझाडाचे जनुक घालून बनवलेला गुलाब २००९ मध्ये विक्रीस आणला. तोही जांभळटच आहे. काळ्या गुलाबाचे तसेच. त्या नावाने विकले जाणारे वाण गर्द किरमिजी असतात, थंडीत कळीच्या बाहेरच्या पाकळ्यांवर मखमली काळपट झाक येते आणि उन्हाळ्यात ती नाहीशी होते.

या गर्द लाल वाणांत ‘पापा मेयाँ’, ‘मिस्टर लिंकन’ आणि ‘ओक्लाहोमा’ हे तिघे सख्खी भावंडे आहेत : तिघांचेही मातापिता ‘क्रायस्लर इंपीरियल’ आणि ‘शार्ल मालेरँ’, आणि तिघेही १९६३-६४ च्या सुमारास प्रसृत झाले. तिघांनाही दाट सुवास आहे, तरी स्वभाव निराळे. ‘पापा मेयाँ’चा रंग व गंध अजोड असला, तरी झाड नाजूक असून हिवाळ्यात भुरी त्याला चटकन धरते, ‘मिस्टर लिंकन’ उंच, दणकट वाढतो आणि नवशिक्यालाही निराश करत नाही. एकच भारी सुवासाचा लाल गुलाब लावायला जागा असेल, तर ती ‘मिस्टर लिंकन’ला द्यावी. याच ‘पापा मेयाँ’ची एका गंधहीन लाल वाणाशी तुलना करून फ्रेंच संशोधकांनी २०१५ मध्ये असे दाखवले, की गुलाबाच्या सुवासातील जिरॅनिऑल हे द्रव्य इतर सुगंधी वनस्पतींहून अगदी वेगळ्या विकराच्या मार्गाने तयार होते. गंध हा पाकळीत साठवलेला नसून ती उमलत असताना सतत घडणारा आणि उडून जाणारा पदार्थ आहे, म्हणून सकाळी ऊन तापण्यापूर्वी फुलाला सर्वाधिक वास येतो. फुलबाजारातील लांब दांड्याचे गुलाब मुख्यतः टिकाऊपणा आणि वाहतुकीतील मजबुती पाहून निवडलेले असतात. तळेगाव-मावळ परिसरातील पॉलिहाऊसांतून येणाऱ्या देखण्या फुलांत सुवास अभावानेच आढळतो तो या निवडीमुळे. ते वाण घरच्या बागेत आणून ठेवण्यात फारसे हशील नाही.

भारतीय वाण : गव्हाचे प्रजननतज्ज्ञ आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक डॉ. बी. पी. पाल (१९०६-१९८९) यांनी गव्हाच्या कामाइतक्याच आस्थेने गुलाबाचे प्रजनन केले. त्यांचा ‘दिल्ली प्रिन्सेस’ हा फ्लोरिबंडा आणि ‘डॉ. होमी भाभा’ हा पांढरा हायब्रिड टी आजही जाणकारांच्या बागांत दिसतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतून पुढे शेंदरी ‘रक्तगंधा’, गुलाबी ‘मृणालिनी’, तपकिरी-केशरी छटेचा ‘मोहिनी’, हस्तिदंती ‘हिमांगिनी’ असे अनेक वाण आले. ‘किस ऑफ फायर’ या वाणावर किरणांचा मारा करून मिळवलेला पट्टेदार ‘अभिसारिका’ हा त्यांतील विशेष लक्षवेधी होय. कोडाईकनाल येथील एम. एस. वीरराघवन यांनी याहून वेगळी वाट धरली. भारतात दलदलीच्या काठी वाढणारी रोझा क्लिनोफिला आणि ईशान्येकडील रोझा जायगँटिया या सदाहरित देशी जाती घेऊन त्यांनी उष्ण प्रदेशाला मानवणारे गुलाब तयार केले. युरोपातील थंडीसाठी घडलेले वाण दमट किनारपट्टीवर जगवत बसण्यापेक्षा ही दिशा कितीतरी रास्त आहे, आणि असे वाण आपल्या रोपवाटिकांत सहज मिळत नाहीत ही खेदाची गोष्ट आहे.

देवपूजेला व गुलकंदाला चालणारा गुलाबी, सुवासिक गावठी गुलाब संग्रहात बहुधा उपेक्षित राहतो. त्या नावाखाली दमास्क आणि बूर्बाँ या गटांतील एकाहून अधिक वाण खपतात. त्यांचे फूल प्रदर्शनात बसण्याजोगे नसते. पण गुलकंदाला लागणारी पातळ, वासाची पाकळी हायब्रिड टीकडून क्वचितच मिळते.

हवामान आणि छाटणी : गुलाबाला रोज पाच-सहा तास थेट ऊन आणि पाण्याचा निचरा होणारी, किंचित आम्लधर्मी माती लागते. काळ्या चुनखडीयुक्त जमिनीत लोह शोषले जात नाही आणि कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा ठिकाणी वाफा उंच करून भरपूर शेणखत मिसळावे किंवा सरळ कुंड्या वापराव्यात. पुणे, नाशिक या भागांत हिवाळ्यातील थंड रात्रींमुळे फुले मोठी, गडद आणि सावकाश उमलणारी असतात. मुंबईत तोच वाण लवकर उमलतो, पाकळ्या कमी भरतात आणि रंग फिका पडतो. म्हणून किनारपट्टीवर कमी पाकळ्यांचे आणि झुबक्याने फुलणारे वाण अधिक समाधान देतात. १९५८ चा पांढरा ‘आईसबर्ग’ आणि १९५४ चा उंच, गुलाबी ‘क्वीन एलिझाबेथ’ हे अशा ठिकाणी भरवशाचे आहेत.

मुख्य छाटणी पाऊस पूर्ण ओसरल्यावर, ऑक्टोबरात करतात. छाटणीपासून फूल उमलेपर्यंत साधारण पंचेचाळीस ते पंचावन्न दिवस लागतात. भरपूर पाकळ्यांच्या वाणांना अधिक, फ्लोरिबंडांना कमी. प्रदर्शनासाठी फुले हवी असणारे लोक प्रदर्शनाच्या तारखेपासून मागे दिवस मोजून वाणागणिक वेगवेगळ्या दिवशी छाटणी करतात. इंग्रजी पुस्तकांत सांगितलेली वीतभर खुंट राखणारी कडक छाटणी आपल्याकडे करू नये. तिथे झाड हिवाळ्यात सुप्त असते. इथे ते पुरते कधीच झोपत नाही, आणि हिरव्या फांद्या कापल्या की झाडाचा अन्नसाठाच जातो. निरोगी फांद्यांची निम्मी उंची राखून वाळक्या, बारीक आणि आत वळलेल्या काड्या काढणे पुरेसे असते. काप बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर, तिरका घ्यावा आणि जाड कापांवर मोरचूद व चुन्याची बोर्डो पेस्ट लावावी, नाहीतर तिथून शेंडेमर खाली उतरते.

डोळा भरणे आणि नोंद : जवळजवळ सर्व संग्राह्य वाण खुंटावर, म्हणजे मुळे पुरवणाऱ्या दुसऱ्या गुलाबाच्या रोपावर, डोळा भरून वाढवलेले असतात, कारण बियांपासून वाण जसाच्या तसा उतरत नाही. खुंटाच्या सालीला इंग्रजी टी अक्षरासारखी चीर देऊन साल दोन्ही बाजूंनी अलगद उचलतात, नुकत्याच फुललेल्या फांदीवरचा फुगीर पण न फुटलेला डोळा ढालीच्या आकारात सालीसह काढून त्या फटीत वरून खाली सरकवतात आणि डोळा उघडा ठेवून पट्टीने घट्ट बांधतात. साल सहज सुटत असेल आणि हवा फार तापलेली नसेल, तेव्हाच हे काम साधते. दोन-तीन आठवड्यांनी डोळा हिरवा राहिला, तर जोड बसली असे समजावे. पुढे जोडाच्या खालून निघणारा प्रत्येक फुटवा खुंटाचा असल्याने तो मुळापासून ओढून काढावा लागतो. सात पर्णिकांचा फुटवा म्हणजे रानटी, ही सर्रास सांगितली जाणारी खूण मात्र विश्वासार्ह नाही, कारण अनेक आधुनिक वाणांना सात पर्णिका येतात. माती सारून फुटवा जोडाच्या वर आहे की खाली, हेच पाहावे.

नावांचा घोळ ही घरगुती संग्रहांची सर्वांत मोठी अडचण आहे. एकच वाण देशोदेशी निराळ्या नावांनी विकला जातो : ‘सुपर स्टार’ अमेरिकेत ‘ट्रॉपिकाना’ आहे, तर ‘आईसबर्ग’चे जर्मन नाव ‘श्नेविटशेन’. १९५५ पासून गुलाबांच्या नावांची आंतरराष्ट्रीय नोंदणी अमेरिकन रोझ सोसायटीकडे आहे, आणि नव्या वाणांच्या सांकेतिक नावाच्या पहिल्या तीन अक्षरांवरून पैदासकार ओळखता येतो; कॉर्डेस यांचे वाण ‘कॉर’ने, मेयाँ यांचे ‘मेय’ने सुरू होतात. घरच्या बागेत अॅल्युमिनियमच्या पट्टीवर टोचून कोरलेले नाव ऊन-पावसात टिकते, शाईचे पुसते. वहीत वाणाचे नाव, तो कोठून आणला, खुंट कोणता, लागवडीची आणि दर वर्षीच्या छाटणीची तारीख, पहिले फूल कधी उमलले आणि पावसाळ्यात पाने किती टिकली, एवढ्या नोंदी ठेवल्या, तर तीन-चार हंगामांत त्या अंगणाला मानवणाऱ्या वाणांची यादी आपोआप हाती येते. एखाद्या फांदीवर अचानक वेगळ्या रंगाचे फूल आले, तर तीही नोंदावी आणि त्या फांदीचा डोळा लगेच दुसऱ्या खुंटावर भरावा. ‘पीस’च्या झाडावर अशाच बदललेल्या फांदीतून ‘शिकागो पीस’ हा अधिक गडद वाण मिळाला होता.