प्राणी-प्रारूपे : कोरोना संशोधनातील

माणसाला होणारा आजार ज्या प्राण्यात ठरवून निर्माण करता येतो आणि त्यावरील औषध किंवा लस ज्याच्यावर आधी पारखून घेता येते, अशा प्राण्याला वैद्यकीय संशोधनात प्राणी-प्रारूप म्हणतात; प्रयोगशाळांत मात्र सर्रास ‘अ‍ॅनिमल मॉडेल’ हाच शब्द चालतो. सार्स-कोव्ह-२ या कोरोना विषाणूची साथ २०२० मध्ये पसरली, तेव्हा अशा प्राण्यांचा शोध जगभर एकाच वेळी सुरू झाला. या शोधाचा एक धागा नागपूरपर्यंत येतो. कोव्हॅक्सिन ही लस ज्या २० ऱ्हीसस माकडांवर तपासली गेली, ती नागपूर परिसरातील जंगलांतून पकडून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत नेण्यात आली होती.

प्रयोगशाळेतला नेहमीचा प्राणी उंदीर, आणि नेमका तोच इथे सुरुवातीला उपयोगी पडेना. विषाणू आपल्या काटेरी प्रथिनाने पेशीवरील एसीई-२ या ग्राहीला, म्हणजे पेशीत शिरण्याच्या दारासारख्या प्रथिनाला, चिकटतो. उंदराच्या ग्राहीची घडण किंचित वेगळी असल्याने मूळ विषाणू त्यात नीट बसत नाही. यावरचा तोडगा आधीच तयार होता. सार्स या आधीच्या कोरोना-आजाराच्या २००३ च्या साथीनंतर अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात मानवी एसीई-२ चे जनुक घातलेले उंदीर तयार करण्यात आले होते व त्यांचे वर्णन २००७ मध्ये प्रसिद्ध झाले होते. हे उंदीर कोरोनाने आजारी पडतात, पण पुष्कळदा विषाणू थेट मेंदूत शिरून ते दगावतात. माणसात आजाराचा मुख्य घाव फुफ्फुसावर बसतो. त्यामुळे अशा उंदराच्या मृत्यूवरून माणसाच्या आजाराविषयी अनुमान काढताना सावध राहावे लागते. पुढे विषाणूच्या काही उपप्रकारांत काटेरी प्रथिनातला एक दुवा बदलला आणि साधे उंदीरही बाधित होऊ लागले.

सीरियन हॅमस्टर हा सोनेरी केसांचा, मुठीत मावणारा प्राणी अधिक कामाचा ठरला, कारण त्याचे जनुक बदलावे लागत नाही. नाकात विषाणूचे थेंब सोडल्यावर त्याला न्यूमोनिया होतो. त्याला रोज वजनकाट्यावर ठेवतात. पाच-सहा दिवस वजन घसरत जाते, मग सावरते आणि दोन आठवड्यांत तो बहुधा बरा होतो. आजार किती तीव्र होता, हे त्या वजनाच्या आलेखावरूनच कळते. फेरेट या मुंगसासारख्या बांध्याच्या प्राण्यात आजार सौम्य राहतो, परंतु सोबत ठेवलेल्या दुसऱ्या फेरेटला संसर्ग सहज होतो. म्हणून मोलनुपिराविर हे औषध विषाणूचा प्रसार थांबवते का, हे फेरेटवर तपासले गेले.

माकडांचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे, कारण त्यांची प्रतिकारयंत्रणा माणसाच्या सर्वांत जवळची असते. ऱ्हीसस हे लाल तोंडाचे, आखूड शेपटीचे माकड. विदर्भात घरांच्या छपरांवर उड्या मारणारे काळ्या तोंडाचे वानर ते नव्हे. पुण्याकडे आढळणारे टोपी माकड ही दक्षिणेतली जात, तर ऱ्हीसस मुख्यतः गोदावरीच्या उत्तरेचे. प्रयोगशाळेत वाढवलेली ऱ्हीसस माकडे देशात मिळेनात, तेव्हा जंगलाकडे वळावे लागले. टाळेबंदीत माणसांकडून मिळणारे खाणे बंद झाल्याने कळप रानात आत सरकले होते आणि त्यांना शोधण्यासाठी वनविभागाच्या पथकांना मोठा परिसर धुंडाळावा लागला. पकडल्यानंतर माणसाकडूनच माकडाला संसर्ग होण्याची भीती होती, म्हणून सांभाळणाऱ्यांचीही नियमित तपासणी होत असे.

पाच-पाच माकडांचे चार गट करण्यात आले. एका गटाला लसीविना द्रावण आणि तीन गटांना लसीची तीन वेगवेगळी रूपे १४ दिवसांच्या अंतराने दोनदा टोचली गेली. आणखी १४ दिवसांनी सर्वांना जिवंत विषाणू देण्यात आला. सातव्या दिवशी लस मिळालेल्या माकडांच्या नाकातून, घशातून आणि फुफ्फुसातून विषाणू नाहीसा झाला होता व त्यांना न्यूमोनिया झाला नव्हता; लस न मिळालेल्या गटात न्यूमोनिया दिसला.

उपचारांच्या बाबतीत प्राण्यांनी नकाराची साक्षही दिली, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तीच अधिक मोलाची होती. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे हिवतापावरचे औषध काचपात्रातील माकडाच्या मूत्रपिंड-पेशींत विषाणूला रोखत असे. प्रत्यक्ष माकडांवर ते निष्प्रभ ठरले आणि रुग्णांवरील मोठ्या चाचण्यांतही त्याचा लाभ दिसला नाही. रेमडेसिव्हिरने माकडांची फुफ्फुसे वाचवली खरी, पण ते औषध संसर्गानंतर अवघ्या १२ तासांत सुरू केले होते. रुग्णालयात पोचणारा माणूस तोवर कित्येक दिवस आजारी असतो. शिवाय निरोगी माकडाचा आजार सौम्यच राहतो. मधुमेह, स्थूलता किंवा उतारवय यांनी गुंतागुंतीचा झालेला माणसाचा कोरोना त्याच्यात उतरत नाही.

भारतात असे प्रयोग १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालील समितीच्या देखरेखीत होतात. मोठ्या प्राण्यांवरील प्रयोगांसाठी संस्थेच्या समितीपलीकडे तिचीही परवानगी लागते. ‘आधी प्राणी, मग माणूस’ हा क्रम मात्र साथीच्या घाईत काटेकोर राहिला नाही. कोव्हॅक्सिनच्या पहिल्या टप्प्यातील ३७५ स्वयंसेवकांची नोंदणी जुलै २०२० मध्येच झाली आणि त्या चाचणीच्या केंद्रांत नागपूरही होते. लहान उंदीर (माउस), मोठे उंदीर (रॅट) व सशांवरील सुरक्षिततेच्या चाचण्या त्याआधी पार पडल्या होत्या, परंतु नागपूरच्या माकडांचे निष्कर्ष जाहीर झाले ते सप्टेंबरमध्ये.